आपण कोणाबरोबर जेवतो?

रविवारची उपासना आटोपली की दुपारी आमच्या घरी संडेस्कूलचा एक लहानसा वर्ग भरतो. येथे लष्करात देवळातली भाषा हिंदी. निदान शास्त्रातल्या गोष्टी तरी मुलांच्या कानावर मराठीतून पडाव्यात म्हणून हा खटाटोप. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी धडा होता जक्कयाचा. प्रभू येशू आपण होऊन त्या जकातदाराच्या घरी उतरला आणि गाव कुरकुरू लागला, एवढे सांगून झाले, तोच दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "काका, तुम्ही दर महिन्याला मित्रांबरोबर हॉटेलात जेवायला जाता ना? आमची आजी म्हणते, हॉटेलात खाणे म्हणजे पैशाची नासाडी. मग ते पाप आहे का?"

मुले हसली, मीही हसलो आणि "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. पण जो प्रश्न टाळावासा वाटतो तो बहुधा विचारण्याजोगाच असतो. त्या आठवड्यात मी जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवतो.

त्या आजींचे म्हणणे मला नवे नव्हते. माझे आजोबा अहमदनगरकडून रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले. त्यांच्या घरात हॉटेलची पायरी चढणे हा जवळजवळ अपराधच होता. हॉटेल म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा, विडीचा धूर, उधारीची वही आणि पुढे कधीतरी बाटली, असा त्यांचा हिशेब होता. आज आपण त्याला हसतो. पण तुटपुंज्या पगारात सात माणसांचे पोट भरणाऱ्या गृहस्थाचा तो हिशेब होता हे विसरू नये. घरी मुले कोरडी भाकरी खात असताना बापाने बाहेर भजी खावीत, हे त्यांना साहवत नसे. त्यांचा नियम कडक असला तरी त्याच्या मुळाशी प्रीती होती.

आमचे लष्कर तर खाण्याच्या बाबतीत मोठे मोहाचे गाव. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच शहर झाले. नावही तेच राहिले. छावणीतला माणूस घरापासून दूर असतो, तेव्हा विकतचे अन्न या गावाच्या जन्माबरोबरच आले असावे. आज सकाळी बाड्याच्या आसपास बेडई आणि कचोरीच्या कढया चढतात. नया बाजारात बहादुराच्या दुकानी बुंदीचे लाडू घ्यायला माणसे उभी असतात. याच गावात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी त्या लाडवांचे शौकीन होते. थंडी पडली की तिळाच्या गजकाचा वास गल्लीगल्लीतून येतो. इंडियन कॉफी हाउस आहे, दाक्षिणात्य डोसा आहे, पंजाबी ढाबे आहेत, चिनी पदार्थांच्या गाड्या आहेत, आणि अलीकडे काचेच्या दारांची थंडगार हॉटेलेही पुष्कळ झाली आहेत.

आम्ही पाच मित्र. एका कचेरीत उमेदवारी केली तेव्हापासूनचे. एकाचे पूर्वज शिंद्यांबरोबर दक्षिणेतून आलेले, घरी सोवळेओवळे पाळणारे. एक मुसलमान. एकाच्या आजोबांना त्यांच्या गावी सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. उरलेले आम्ही दोघे ख्रिस्ती, एकाच मंडळीचे सभासद. गेली कित्येक वर्षे आमचा नेम असा की, पगाराच्या पहिल्या शनिवारी एकत्र जेवायचे, दर वेळी नव्या ठिकाणी, आणि बिल पाचांत सारखे वाटायचे.

हा नेम मला कधीच क्षुद्र वाटला नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका सभेस शहरातील बडी मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. मिशनऱ्यांनी चहाबिस्किटे पुढे केली. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याचा एवढा गहजब! आणि ही गोष्ट ज्यांना निदान सभेत खुर्ची मिळाली त्यांची. ज्यांना दारातच उभे राहावे लागे त्यांची तर गोष्टच वेगळी.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे उदाहरण अनेकांना माहीत असेल. अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः लवाजम्यासह त्या 'सत्यसुधारक' हॉटेलात जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. राज्यघटनेने १९५० साली हॉटेलांची दारे सर्वांना उघडी केली आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या नावाखाली कोणाला तेथे मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. महाराजांनी चहाच्या कपाने जे सांगितले तेच कायद्याने कलमांत लिहिले. आम्ही पाच जण एका टेबलाभोवती बसतो यामागे एवढा इतिहास आहे. तेव्हा हॉटेल हे केवळ चैनीचे ठिकाण नव्हे. जे काम पुष्कळदा आपल्या देवळांच्या पंगतींनाही जमले नाही ते त्याने थोडेबहुत केले आहे.

येथवर माझी बाजू भक्कम होती. त्या मुलीला हेच सांगावे असे ठरवत होतो. पण मनात एक सल होता, तो आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातला पाचवा, माझ्याच मंडळीतला मित्र, येईनासा झाला. आधी म्हणाला, पोट बरे नसते. मग म्हणाला, पाहुणे आहेत. आम्ही थट्टा केली की हा आता उपास धरणारा संत झाला. नंतर थट्टाही थांबली. चार खुर्च्यांचे टेबल हॉटेलात अधिक सहज मिळते, हेही आमच्या लक्षात आले. दरम्यान आमची पायरी मात्र चढत होती. कॉफी हाउसातून ढाब्यावर, ढाब्यावरून काचेच्या दारात. दर वेळी 'नवे ठिकाण' म्हणजे न कळत 'महाग ठिकाण' होऊन बसले होते.

एका संध्याकाळी बाड्यावर तो मला दिसला. मुलाला घेऊन उभा होता आणि एका द्रोणातली कचोरी दोघे मिळून खात होते. मला पाहून तो ओशाळला. खरे म्हणजे ओशाळायला मी हवे होते. बोलता बोलता कळले की पत्नीचे दुखणे लांबले आहे आणि औषधांतच निम्मा पगार जातो. मंडळीत आम्ही शेजारी बसत होतो, आणि मला हे ठाऊक नव्हते! मग तो म्हणाला, "अरे, हॉटेलात यादी हातात आली की तुम्ही डावीकडची बाजू वाचता, पदार्थांची. मी उजवीकडची वाचतो, पैशांची. दोन तास उजवीकडची बाजू वाचत बसायचे, तर मित्रांशी बोलणार केव्हा?"

मी घाईने म्हणालो, "तुझे आम्ही देऊ." तो शांतपणे म्हणाला, "एकदा चालेल. दर महिन्याला दिलेस तर मी तुझा मित्र राहणार नाही, पाहुणा होईन."

वाचकहो, अंत्युखियातली ती गोष्ट आठवा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ती सांगतो. पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर एका पंगतीला जेवत असे; पण यरुशलेमेहून काही माणसे आली, आणि लोक काय म्हणतील या भयाने तो हळूहळू बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. कारण प्रश्न जेवणाचा नव्हता, सुवार्तेचा होता. आम्ही वाटले होते की आपण अंत्युखियाच्या परीक्षेत उतरलो. जात नाही, धर्म नाही, सर्व एका टेबलावर. परंतु आमची चूक पेत्राहूनही सूक्ष्म होती. तो पंगतीवरून स्वतः उठला. आम्ही जागचे हललो नाही. आम्ही टेबलच इतके उंच केले की दुसऱ्याला उठावे लागले. आणि उठवल्याचे पाप आमच्या माथी दिसलेही नाही, कारण आम्ही तर त्याला दर महिन्याला बोलावतच होतो!

करिंथच्या मंडळीतही असेच झाले होते. खाऊनपिऊन सुखी असलेले आपापले आधी जेवत आणि गरीब भाऊ उपाशी राही. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना बजावले. रविवारी मी त्या मित्राबरोबर एकाच भाकरीचा तुकडा घेत होतो आणि शनिवारी त्याची खुर्ची काढून टाकत होतो. या दोन टेबलांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचले नाही.

आता येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्यातल्याच एकाने घेतला. तो म्हणाला, "कष्टाने कमावले ते आनंदाने खाऊ नये काय? एकाला परवडत नाही म्हणून चौघांनी चव सोडावी काय?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आपला प्रभू वैरागी नव्हता. तो मेजवान्यांना गेला, आणि खादाड म्हणून त्याची निंदाही झाली. चांगले अन्न हे देवाचे दान आहे. हॉटेलावर स्वयंपाक्याचे, वेटरचे, भांडी घासणाऱ्याचे घर चालते. लग्नाच्या वाढदिवशी कोणी पत्नीला घेऊन काचेच्या दारात गेला तर त्यात मला दोष दिसत नाही. पण ज्या टेबलाला आपण मैत्रीचे म्हणतो त्याला एक अट असते. तेथे बरोबरीचा अर्थ बिलाचे सारखे भाग असा नसतो. पाच जण चालायला निघाले तर सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालावे लागते. नाहीतर ती सोबत नव्हे, शर्यत.

आमच्या गावातच दोन भोजने आहेत, ती मुलांना जरूर दाखवावीत. जयविलास राजवाड्याच्या मेजवानीच्या दालनात मेजावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य व सिगार घेऊन फिरत असे. मोठी नवलाची वस्तू, आजही पाहायला मिळते. पण विचार करा, त्या गाडीमुळे वाढणाऱ्याचा हातही दृष्टीआड झाला. दुसरे भोजन वर किल्ल्यावर. जहांगीर बादशहाने गुरू हरगोविंदांना या किल्ल्यात कैद केले होते. सुटकेच्या वेळी आपल्याबरोबर बावन्न राजांनाही सोडावे असा त्यांनी आग्रह धरला, अशी परंपरा आहे. एकट्याने सुटायचे नाही! त्या स्मृतीच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. सारे जमिनीवर एका रांगेत बसतात, यादी नाही आणि तिची उजवी बाजूही नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी शेजाऱ्याच्या घरातून काही शिकण्यात कमीपणा मानू नये.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. ठिकाण ठरवण्याची पाळी लावली. ज्याची पाळी त्याने जागा निवडायची आणि खर्चही त्यानेच ठरवायचा; त्याहून अधिक कोणी मागवायचे नाही. पाचव्या मित्राची पाळी आली तेव्हा त्याने आम्हाला सकाळी आठ वाजता एका गाडीवर बेडई खायला बोलावले. उभ्याने खाल्ले, आणि त्या दिवशीचे बिल त्याने एकट्याने दिले. आम्ही कोणी खिशात हात घातला नाही. तो हात आवरणे मला जड गेले, पण त्या सकाळी कळले की देणे सोपे असते, घेणे अवघड. जक्कयाचा मान प्रभूने त्याला काही देऊन वाढवला नाही. त्याच्या घरचे जेवून वाढवला.

सर्व सुरळीत झाले असे म्हणणार नाही. आक्षेप घेणारा मित्र अजून कधी कधी कुरकुरतो. पाचव्याच्या पत्नीचे दुखणे तसेच आहे, आणि मंडळीने त्या घरासाठी जे करायला हवे ते बेडईने होत नाही. ते आता आम्ही वेगळे हाती घेतले आहे. पण तो दर महिन्याला येतो आणि यादी वाचत बसत नाही.

त्या मुलीला मी पुढल्या रविवारी उत्तर दिले. म्हणालो, "बेटा, हॉटेलात जेवणे पाप नाही. पण जेवायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्यामुळे घरी कोणाचे ताट रिकामे राहिले का, हे आजीचे म्हणणे. आणि आपल्या टेबलावरची कोणाची खुर्ची रिकामी झाली का, हे माझे म्हणणे."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "आणि काका, आपल्याला जेवण आणून देतो तो मुलगा कुठे जेवतो?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. संडेस्कूलच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा.