पडीक म्हणायचं कुणी?



जमीन पडीक आहे असं कुणी सांगितलं की आपण पहिल्यांदा विचारावं, कुणाच्या नजरेनं पडीक? ही नजर आपल्या बापजाद्यांनी भोगलीय. गावच्या नकाशात गायरान म्हणजे मोकळी जागा. त्याच मोकळ्या जागेत आपल्या आयांनी जळण वेचलं, शेरडं चारली, आपली मेलेली माणसं पुरली. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून माणूसच नाही. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा लागल्या तेव्हा कोल्हापुरात मोर्चे निघाले. ज्या कागदाला आपली घरं कधी दिसली नव्हती त्याला ती एकाएकी अतिक्रमण म्हणून दिसायला लागली.

आता समुद्रापलीकडं बघा. बंगळूरची करुतुरी ग्लोबल ही गुलाबाची फुलं पिकवून विकणारी कंपनी. २०१० च्या करारानं तिनं इथिओपियाच्या पश्चिमेला, गांबेला प्रांतात, १ लाख हेक्टर जमीन ५० वर्षांसाठी घेतली. काम जमलं तर आणखी २ लाख मिळायची होती. १ लाख हेक्टर म्हणजे अडीच लाख एकर. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा साधारण आठवा हिस्सा. भाडं हेक्टरी वर्षाला २० बिर. तेव्हाच्या हिशेबानं शंभर रुपयांच्या आत अडीच एकर, अख्खं वर्ष!

तिथलं सरकार म्हणालं, रिकामी जमीन आहे, या आणि पिकवा. पण तिथं अनुआक लोक राहतात. नदीकाठी मका, ज्वारी करतात. जमिनीचा कस गेला की ती सोडून दुसरीकडं पेरतात आणि काही वर्षांनी सोडलेल्या जमिनीकडं परत येतात. मासे, मध, शिकार, जंगलातली मुळं, सगळं त्यांच्या जेवणाचा भाग आहे. नुएर लोक गुरं घेऊन फिरतात. विसाव्याला टाकलेली जमीन बाहेरच्या माणसाला पडीक दिसते. राबणाऱ्याला ती पुढच्या पाच-दहा वर्षांची भाकरी दिसते. त्याच काळात सरकारनं लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नव्या गावांत बसवायची मोहीम काढली. शाळा देतो, दवाखाना देतो, पाणी देतो. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं जानेवारी २०१२ च्या अहवालात लिहिलं की लोकांना धाक घालून हलवलं आणि कबूल केलेलं बरंचसं नव्या जागी नव्हतंच. सरकारनं हे नाकारलं. जमिनीच्या करारांशी याचा संबंध नाही म्हणालं.

पुढं काय झालं? २०११ साली बारो नदीला पूर आला आणि कंपनीचा मका पाण्यात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं करार रद्द केला. ठरल्या मुदतीत जेमतेम १,२०० हेक्टर लागवडीखाली आणली, असा ठपका ठेवला. कंपनीला तो मान्य नव्हता. पण पूर कुठवर चढतो हे नदीकाठच्या म्हातारीला विचारायचं असतं. आपल्या शिरोळ तालुक्यातलं पोरगंसुद्धा सांगेल, पंचगंगा कुठल्या गल्लीत शिरते ते. २०१९ ला आणि २०२१ ला आपण ते बघितलंय.

इथं शहाणी माणसं म्हणतील, बघा, लोकांना न विचारणं धंद्यालाही परवडत नाही. खरं आहे. पण माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. तोटा झाला नसता तर चाललं असतं काय? मका तरारून आला असता, शेअर वर गेला असता, तर अनुआक माणसाचं उठणं न्याय्य ठरलं असतं काय? गुंतवणुकीची भाषा जोखीम जोखीम करते. जोखीम म्हणजे ज्यानं पैसा लावला त्याची. ज्याची अख्खी जमीन पणाला लागली त्याला कुणी गुंतवणूकदार म्हणत नाही. सीमाभागातल्या बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सनं २०१० साली ब्राझीलमधले साखर कारखाने घेतले, आणि २०१५ साली तिथल्या कंपनीला कर्जापायी कोर्टाचा आसरा मागावा लागला. कंपनीला असा आसरा असतो. उचल घेऊन कोयता धरणाऱ्याला कुठलं कोर्ट असा आसरा देतं?

आपल्याकडं २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. मूळ कायद्यात, खाजगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर बाधितांपैकी ८० टक्के कुटुंबांची आगाऊ संमती लागते. सामाजिक परिणामांची तपासणीही आधी लागते. तीच कंपनी परदेशात जमीन धरते तेव्हा हा कायदा सरहद्दीवर थांबतो. म्हणजे इथल्या शेतकऱ्याला विचारायचं आणि तिथल्या काळ्या माणसाला विचारायचं नाही. ही जातीचीच रीत झाली, फक्त नकाशा मोठा.

आणि इथं तरी विचारतात कुणाला? त्या ८० टक्क्यांत मोजतात ज्याची जमीन जाते त्याला, आणि सरकारनं जमीन दिलेल्याला. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मजूर कायद्यात ‘बाधित’ आहे, पुनर्वसनाचा हक्क त्याला आहे, पण संमतीच्या मोजणीत तो नाही. त्याच्या होकाराला किंमत नाही, कारण त्याच्या नकाराला नाही.

एक अवघड गाठ आहे. ती टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मागणी केली की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी. इथिओपियात जमीन राज्याचीच आहे. म्हणून तर सरकारला ती परस्पर देता आली. मग बाबासाहेब चुकले काय? नीट वाचा. त्यांनी पुढं लिहिलंय की ती जमीन गावातल्या लोकांनाच, जातधर्म न बघता, कसायला द्यायची. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. भांडवल राज्यानं पुरवायचं. आणि हे सगळं राज्यघटनेत लिहून ठेवायचं, म्हणजे आजचं बहुमत उद्या ते फिरवू शकणार नाही. १९१८ च्या निबंधातही त्यांनी शेतीला भांडवल आणि अवजारं कमी पडतात हेच दाखवलं होतं. पैशाला त्यांचा विरोध नव्हता. पैसा आला की माणसाला उठवायचं, याला होता.

काही मित्र म्हणतील, आपल्याला गायरानाचा तुकडा मिळेना, अन् तू आफ्रिकेचं काय सांगतोस राव? मी सूतगिरणीत कामाला आहे. कापसाच्या गाठीवर वजन असतं, लॉट नंबर असतो. वेचणारीचं नाव नसतं. ती विदर्भातली असो नाहीतर आफ्रिकेतली, तिला आपली म्हणायला पासपोर्ट लागत नाही. शिवाय ज्या बँका कर्ज देतात त्यांत ठेव आपली असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये इथिओपियातले कार्यकर्ते दिल्लीला येऊन इथल्या संघटनांबरोबर बसले. पुण्याची कल्पवृक्ष त्यात होती. आपण तिथं का नव्हतो?

जगात तत्त्वं लिहिली गेलीत. जागतिक अन्नसुरक्षा समितीनं मे २०१२ मध्ये जमिनीच्या हक्कांची आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये शेतीतल्या जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वं मान्य केली. चांगली आहेत. पण ऐच्छिक आहेत. ऐच्छिकपणे अस्पृश्यता गेली असती तर घटनेत १७ वं कलम लिहावं लागलं नसतं.

म्हणून मागायचं ते कायद्यानं मागू. करार व्हायच्या आधी तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत विचारा. भूमिहीन, गुराखी, बाया, सगळ्यांना मोजा. करार उघड्यावर ठेवा. पाणवठा, चराई, मसणवटा यांचा नकाशा तिथल्याच लोकांकडून काढून घ्या. पिकाचं पाणी कुठल्या नदीतून किती उचलणार ते आधी लिहून द्या. हे पाळलं नाही तर इथल्या बँकेनं कर्ज देऊ नये, आणि इथल्या कोर्टात तिथल्या माणसाला दाद मागता यावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘नाही’ हे उत्तर धरायला शिका. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची संमती ही वेठच. शाहू महाराजांनी १९१८ साली याच कोल्हापुरात महार वतनं मोडली ती ही वेठ मोडायला. आपण त्या बाजूचे आहोत, तर गांबेलातल्या माणसाच्या नकारालाही आपण जामीन राहिलं पाहिजे.