खूण कोणाची?

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या उत्तरकाळातल्या कॅनव्हासमध्ये ब्रशचा फटकारा शोधू गेलं तर सापडत नाही. रंगाचे पातळ थर एकमेकांत मुरलेले. मध्येच एखादी गडद खूण वर आलेली, दुसरी अर्धी बुडालेली. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे फाटके तुकडे वापरून रंग उमटवायचा, अशी ही पद्धत. खूण राहते, मनगट ओळखू येत नाही.

पेच इथेच आहे. गायतोंड्यांना झेन विचाराची ओढ होती, आणि झेन चित्रपरंपरेत तर सारी भिस्त मनगटावर! सेंगाई या जपानी भिक्षूने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेलं वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोनाचं चित्र टोकियोच्या इदेमित्सु संग्रहालयाकडे आहे. कागद शाई लगेच पितो, त्यामुळे खोडणं नाही, गिरवणं नाही. हात क्षणभर कचरला तरी रेषा ते लपवू देत नाही.

सेंगाई फटकाऱ्यातून ‘मी’ गाळू पाहतो. गायतोंडे फटकाराच गाळतात.

अद्वैती गुरू निसर्गदत्त महाराजांच्या शिकवणीकडेही गायतोंडे ओढले गेले होते. मुंबईच्या खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर महाराज येणाऱ्याला ‘मी आहे’ या जाणिवेपाशीच थांबवत आणि ती कोणाला होते ते पाहायला लावत. कर्तेपणाचा हा प्रश्न चित्रकाराला टाळता येत नाही, कारण त्याने केलेलं समोर दिसत राहतं.

तरीही रोलर हाती घेतला की कर्तेपण सुटलं, हे पटत नाही. हात मागे सरला, तरी कोणता थर वाळू द्यायचा, कोणती खूण राखायची, कुठे थांबायचं हे ठरवणारा कोणीतरी असतोच. गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे करत. बाकीचा काळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई. हे वाट पाहणंच त्यांचं खरं तंत्र म्हणायला हवं. रोलर त्याच्या मागून येतो.

१९८४ मध्ये गायतोंड्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही काळ मोठे कॅनव्हास शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी छोट्या कागदांवर शाईने कामं केली: अक्षरांचा भास देणाऱ्या, पण कुठल्याच लिपीत न बसणाऱ्या खुणा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये त्यांचं पूर्वलक्षी प्रदर्शन भरलं, त्यातही कॅनव्हासबरोबर कागदावरची कामं होती. शाईच्या या खुणांत हात उघड दिसतो. मात्र तो स्वतःकडे लक्ष वेधत नाही, आणि इथे गायतोंडे सेंगाईच्या सर्वांत जवळ येतात.