एकाच साच्यातले

दिवाळी जवळ आली की रत्नागिरीत अंगणोअंगणी तांबड्या मातीचे किल्ले उभे राहतात आणि बाजारातून मातीचे मावळे घरी येतात. मला ते नव्याने रंगवण्याचा नाद आहे. मोडक्या तलवारीच्या जागी तारेचा भाला बसवावा, मिशीला पीळ द्यावा!

अडते ते शत्रुसैन्यापाशी. त्याच साच्यातला मावळा घ्यायचा, पागोट्याचा रंग पालटायचा, की झाला गनीम. मुले म्हणतात, "याचे डोळे लाल करा." माझा कुंचला थबकतो.

पागोट्यावरून गनीम ओळखावा, तर इतिहास आडवा येतो. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात शिवरायांच्या बाजूने इंग्रजांशी झुंजले ते मायनाक भंडारी, आणि दौलतखानही.

शिवाय समोर राक्षसच उभा केला, तर मावळ्याचे शौर्य शिकाऱ्याइतकेच उरेल. समोर माणूस आहे, त्याचीही कोणी घरी वाट पाहते, हे ठाऊक असूनही स्वराज्यासाठी शस्त्र उचलावे लागले. त्या शौर्याचे मोल यातच आहे, आणि दुःखही.

म्हणून गनिमाचे डोळेही मी काळेच रंगवतो.