एल-वनची सवय

सल्लागार नेमायच्या जाहिरातीचा तुझा मसुदा वाचला. पहिल्या पानावर गावाचं बोधचिन्ह झकास बसवलंयस. चौथ्या पानावर मात्र माझा पारा चढला. ‘तांत्रिक पाकीट आणि दराचं पाकीट स्वतंत्र, सीलबंद सादर करावे.’ अरे, नोकरी अमेरिकेतल्या नगरपालिकेची आणि डोकं अजून आपल्या बांधकाम खात्यातच? तुला रनवेच्या कामासाठी सल्लागार इंजिनिअर नेमायचाय, खडी-डांबराचा ठेकेदार नव्हे. ठेकेदाराच्या वेळी काढ की एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, कोण अडवतंय!

तिथला ब्रूक्स कायदा 1972चा. तुझ्या जन्माच्या आधीचा. विमानतळासाठी एफएएचं, म्हणजे तिथल्या केंद्रीय विमान वाहतूक खात्याचं, अनुदान घ्यायचं, तर सल्लागार पात्रतेवर निवडायचा. जाहिरातीत फी विचारायची नाही, तासाचे दरसुद्धा नाही. समितीने क्रम लावायचा, पहिल्या कंपनीशी आधी कामाची व्याप्ती ठरवायची, मग फीवर बसायचं. जमलं नाही तर बोलणी लेखी संपवून दुसरीकडे. तुमच्यासारख्या छोट्या विमानतळाला खर्चाचा बहुतांश वाटा केंद्राकडून मिळतो. निवडच नियमबाह्य ठरली, तर ती फी गावाच्या बोकांडी बसेल. मग नगरसेवकांना कोण तोंड देणार, मी?

ते विचारणारच, दर न बघता माणूस कसा नेमायचा? त्याचं उत्तर तुझ्या फाइलमध्ये हवं. फी एक लाख डॉलरच्या वर जाणार असेल, तर बोलणीला बसण्याआधी त्या कंपनीबाहेरच्या जाणकाराकडून फीचा स्वतंत्र अंदाज करून घ्यावा लागतो. तुझ्या मसुद्यात त्याचं नावही नाही. उलट लिहिलंयस काय, तर ‘फी बांधकाम खर्चाच्या सात टक्के’. थर जितका जाड, तितकी सल्लागाराची कमाई जास्त! केंद्राच्या पैशात असला करार चालत नाही, आणि का चालत नाही हे तुला सांगावं लागतंय, याचा मला जास्त राग आहे.

आणि हे ‘रनवे सुधारणा व अनुषंगिक कामे’ म्हणजे काय रे? पाच वर्षांचा करार करणार असशील, तर त्यात कोणकोणती कामं येणार ते नावानिशी लिही. आणि रनवेवर भेगा पडल्यात त्या कशाने? तुमच्याकडे थंडी कडाक्याची. डांबराखाली पाणी साचतं, गोठतं, फुगतं, पृष्ठभाग उचलतं. म्हणजे आधी खाली बघायला हवं. स्वस्तातला सल्लागार सगळ्यात आधी माती तपासायचे बोअर कमी करतो, मग तुम्ही त्याच भेगांवर नवा थर ओतता. हे वर्गात घसा कोरडा करून सांगितलं होतं.

चौथं पान फाडून टाक. अर्ज करणाऱ्या कंपन्यांनी आधी काम केलेल्या विमानतळांच्या मॅनेजरना स्वतः फोन कर. मुलाखतीला कंपनीचा मालक टाय लावून येईल, त्याच्यावर भाळू नकोस. जागेवर उभा राहणारा इंजिनिअर कोण, त्याला बोलाव आणि त्यालाच विचार, रनवे किती दिवस बंद ठेवशील? उत्तर मालक द्यायला लागला, तर सरळ गुण काप.