अलंकाराचे वचन

उपयोगाच्या वस्तूस अलंकार असावा की नसावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. तो भांड्याकुंड्यांपुरता किंवा इमारतींपुरता नसून मनुष्याच्या वागणुकीसही लागू पडतो. परंतु मोठा प्रश्न लहान वस्तूच्या आश्रयाने विचारलेला बरा. म्हणून आम्ही येथे मेजावरचा एक दिवा उदाहरणादाखल घेतो. मान वळविता येणारा, वरखाली करता येणारा आणि हवा तेथेच उजेड पाडणारा हा दिवा आज विद्यार्थ्याच्या खोलीपासून घड्याळजीच्या दुकानापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. अमेरिकेत उपयुक्त शोधाबद्दल एक पेटंट मिळते, आणि वस्तूच्या शोभेच्या रूपाबद्दल १८४२ पासून दुसऱ्या प्रकारचे पेटंट मिळत आले आहे. या दुसऱ्या पेटंटात शब्द जवळजवळ नसतात. ‘जुळवून घेता येणाऱ्या दिव्याची, आकृतीत दाखविल्याप्रमाणे, शोभेची रचना’ एवढाच काय तो दावा. बाकी पुढून, मागून, बाजूंनी, वरून आणि खालून काढलेली चित्रे. जो आकार केवळ उपयोगाच्या सक्तीने आला असेल, त्यास हे संरक्षण नाही. आपल्याकडील २००० सालचा डिझाइन कायदाही केवळ डोळ्याने पारखता येणारे रूप तेवढे आपले मानतो, आणि बांधणीची रीत व निव्वळ यांत्रिक युक्ती वगळतो. येणेप्रमाणे कायदा दिव्याच्या अंगावरून एक रेघ ओढतो. रेघेच्या अलीकडे उपयोग, पलीकडे शोभा. व्यवहारास अशी रेघ लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दिव्याखाली रात्र काढणाऱ्यास ती रेघ सापडते काय?

या जातीच्या दिव्यांचा एक प्रसिद्ध पूर्वज पाहू. इंग्लंडात बाथ येथे जॉर्ज कारवर्डाइन नावाचा मोटारगाड्यांच्या बांधणीतील अभियंता होता. गाडीस धक्के बसू नयेत म्हणून ज्या स्प्रिंगा लावतात, त्यांचा अभ्यास करता करता त्याने १९३२ साली स्प्रिंगांनी तोललेल्या भुजेच्या दिव्याचे पेटंट मागितले. रेडिच येथील स्प्रिंगा करणाऱ्या हर्बर्ट टेरी यांच्या कारखान्याने तो दिवा ‘अँगलपॉइज’ या नावाने बाजारात आणला, आणि १९३५ साली त्याचे तीन स्प्रिंगांचे घरगुती रूप निघाले. त्यातील युक्ती अशी: भुजा आडवी होत जाते तसा भाराचा खाली ओढा वाढतो, आणि स्प्रिंगांची योजना अशी केलेली असते की त्यांचा उलट ओढाही त्याच प्रमाणात वाढावा. त्यामुळे दिवा बोटाने हलविता येतो आणि सोडाल तेथे थांबतो. मनुष्याच्या हातात स्नायू जे काम करतात, तेच येथे स्प्रिंगा करतात.

आता या दिव्याचा अलंकार कोणता? कोणी म्हणेल, त्याची पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी बैठक. दिवा कलंडू नये म्हणून वजन हवे हे खरे. पण त्यास पायऱ्या कशाला? एक जड ठोकळा पुरला असता. हा आक्षेप बरोबर आहे. तथापि त्या पायऱ्या काय बोलतात तेही ऐकावे. खाली खाली रुंदावत गेलेली ती बैठक ‘भार मी घेतला आहे’ असे सांगते. आपल्या समईची गोष्ट निराळी नाही. तिची बैठक पसरट, कारण वर उंच दांडा आणि तेलाने भरलेली वाटी. आणि दांड्याचे तुकडे जेथे एकमेकांत फिरवून बसवितात, तेथेच बहुधा कडी व नक्षी असते. जेथे जोड तेथे नक्षी. अलंकार येथे वस्तूचे अंग झाकीत नाही, ते दाखवून देतो.

१९८६ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने ‘लक्सो ज्युनियर’ नावाचा सुमारे दोन मिनिटांचा चित्रपट काढला. त्यात पात्रे दोनच, आणि दोन्ही याच घराण्यातील मेजावरचे दिवे. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, शब्द नाहीत. तरी एक वडीलधारा आहे व दुसरे अवखळ पोर आहे, हे प्रेक्षकांस क्षणात कळते. ते कळते मानेच्या वळणावरून आणि भुजेच्या उभारणीवरून. म्हणजे ज्यास आपण निव्वळ यंत्ररचना म्हणत होतो, तीच येथे मुद्रा झाली!

यावर विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. व्हिएन्नाचा वास्तुशिल्पी आडोल्फ लोस याने १९१० च्या सुमारास ‘अलंकार आणि गुन्हा’ या व्याख्यानात असे मांडले की, वस्तूवर नक्षी करणे म्हणजे कारागिराचे श्रम, द्रव्य व काळ वाया घालविणे होय; सुधारलेल्या मनुष्यास साधेपण पुरे. या म्हणण्यात मोठा अंश सत्याचा आहे. खोट्या वेलबुट्ट्यांनी गुदमरलेल्या दिवाणखान्यांत दारेखिडक्या उघडण्याचे काम अशा विचाराने केले. परंतु नक्षी काढून टाकली म्हणजे खोटेपण गेले, हे मात्र खरे नाही. आणि ते आम्ही स्वानुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच घाटाचा एक दिवा विकत घेतला. त्यावर फूल नव्हते, पान नव्हते. उघड्या भुजा आणि चकचकीत स्प्रिंगा तेवढ्या होत्या. दोन महिने तो ताठ राहिला. पुढे एका रात्री लिहीत असता त्याची मान हळूहळू खाली आली आणि कागदावर टेकली. उघडून पाहतो तो स्प्रिंगा केवळ दिखाऊ! सारा भार एका पिळाच्या स्क्रूवर होता आणि तो झिजला होता. मूळ दिव्यात जी स्प्रिंग उपयोगाचा प्राण होती, तीच येथे निव्वळ आभूषण झाली होती, आणि दोहोंतील भेद डोळ्यास दिसत नव्हता. चित्रात काढले असते तर दोन्ही दिवे सारखेच दिसले असते.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. अलंकार हे वस्तूने डोळ्यास दिलेले वचन होय, आणि ते खरे की खोटे हे हातास कळते, तेही काही काळाने. नक्षीदार समई आपले वचन पाळते; आमचा तो निराभरण दिवा पाळू शकला नाही. म्हणून अलंकार असावा की नसावा, असा प्रश्न करण्याऐवजी तो पाळला जातो की नाही, असा करावा. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली एका निबंधात ‘अलंकार’ या शब्दातील ‘अलम्’कडे, म्हणजे ‘पुरे’ या अर्थाकडे, लक्ष वेधले होते. अलंकृत करणे म्हणजे वस्तूस तिच्या कार्यास पुरेशी करणे. या अर्थाने पाहता बैठकीच्या पायऱ्याही पुरेपणाचा भाग ठरतात. कारण ज्या वस्तूवर विसंबून रात्र काढावयाची, तिने आपल्या स्थैर्याची खूण डोळ्यास देणे हेही तिचे एक कार्यच आहे.

मनुष्याच्या गोड वाणीस व नम्रतेस आपण अलंकार म्हणतो, आणि काही सत्यनिष्ठ मंडळी त्याच कारणासाठी त्यांचा तिरस्कार करतात. त्यांस स्पष्टवक्तेपणा तेवढा खरा वाटतो. परंतु रोखठोक बोलणे हीसुद्धा दिखाऊ स्प्रिंग असू शकते, आणि साधी नम्रताही संकटकाळी भार उचलून धरते. माणूस गोड बोलतो की कडू, यावरून त्याची पारख करू नये. मध्यरात्री, काम अर्धे राहिले असता, त्याची मान आपण ठेवली तेथे राहते की नाही, हे पाहावे.

तो जुना दिवा आम्ही टाकला नाही. त्याच्या मानेखाली चार पुस्तके रचली आहेत, आणि तो उजेड देतो. त्याच्या स्प्रिंगा अद्यापि चकाकतात.