दिव्यांची बटणे आणि कोमल रिषभ

बटण ह्या वस्तूविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. आमच्या जुन्या रेडिओला दोन बटणे होती. एक आवाजाचे, दुसरे स्टेशनचे. दुसऱ्याला हात लावण्याचा अधिकार फक्त वडिलांना होता, कारण आतला दोरा सैल झाला होता आणि काटा एका गावावर असताना गाणे भलत्याच गावचे लागे. वडील काट्याकडे बघतच नसत. कान लावून फिरवीत. काटा खोटे बोलतो हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि त्याबद्दल कुणाचा त्याच्यावर राग नव्हता.

माझ्या भाच्याचा मात्र असल्या काट्यांवर राग आहे. भाचा पुण्यात, आतल्या खोलीत, संगीत बनवतो. (आमच्या वेळी संगीत शिकत, गात, फार तर बिघडवीत. बनवीत ती भजी.) त्याची सगळी वाद्ये कॉम्प्युटरात राहतात. तिथेच आवाज घुमवणारे, दाबणारे, गोड करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना प्लग-इन म्हणतात. त्यांची पडद्यावरची बटणे माउसने फिरवणे म्हणजे बुटावरून पाय खाजवणे. म्हणून टेबलावर खऱ्या बटणांची एक पाटी ठेवायची. तिचे नाव मिडी कंट्रोलर.

मिडी ही वाद्यांची आपसांतली भाषा. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात एक अमेरिकन आणि एक जपानी वाद्य तारेने जोडले, आणि एकाची पट्टी दाबल्यावर दुसरे वाजले. दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांनी एका भाषेत बोलायचे कबूल केले, हाच खरा चमत्कार. गंमत अशी, की ह्या तारेतून सूर जातच नाही. जातो तो निरोप. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने. तमुक बटण इतक्यावर आहे. हे बटणाचे ‘इतक्यावर’ साधारणपणे ० ते १२७ मध्ये बसवतात. जगातल्या साऱ्या कमीजास्तपणाला एकशे अठ्ठावीस पायऱ्या. आमच्या चाळीला त्रेसष्ट होत्या, आणि त्याही पुरत.

आता साध्या बटणाची अडचण बघा. त्यावर पांढरी रेघ असते. तुम्ही ते नव्वदवर ठेवले आणि दुसरे गाणे उघडले. त्या गाण्यात प्लग-इन वीसवर आहे. बटणाची रेघ मात्र नव्वदवरच. हात लावताच आवाज वीसवरून टुणकन नव्वदच्या घरात! म्हणून नव्या यंत्रात रेघच नाही. बटण कितीही गोल फिरते, त्याला ना आदी ना अंत, आणि भोवती बारीक दिव्यांचे कडे असते. प्लग-इन जिथे असेल तितके दिवे लागतात. काही यंत्रांत तर सरकपट्ट्यांना मोटर असते. गाणे बदलले की त्या आपोआप खाली-वर सरकतात. अक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने, हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा मीठ आणायला ती आत गेली होती.

भाचा म्हणतो, “मामा, हे बटण खरं बोलतं.” मला ते पटत नाही. ते बटण फक्त वरून आलेले बोलते. स्वतःची जागा सोडून दिल्यामुळे ते कधी चुकत नाही, एवढेच. असली माणसे कचेरीत मी पुष्कळ पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर साहेबांच्या मर्जीइतके दिवे लागलेले असत.

पण खरा घोटाळा पुढे आहे. दिवे दिसले की कान सुट्टीवर जातात. बटण फिरवायचे, “वा, आता उजळलं!” म्हणायचे, आणि मग लक्षात यायचे, की प्लग-इन मुळात बंदच होता. ह्या धंद्यातल्या लोकांत हा किस्सा घरोघरी आहे, आणि ते बिचारे काही लबाड नसतात. त्यांना खरोखरच ऐकू आलेले असते. मग ऐकले कुणी, कानाने की डोळ्याने?

हा प्रश्न आमच्या घरात अक्कावर येऊन आदळला. ती गाणे शिकवते. भाच्याने तिचे भैरवातले एक भजन रेकॉर्ड केले आणि सूर सुधारण्याचा प्लग-इन लावला. ह्या जातीचा पहिला नामांकित प्लग-इन १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड ह्या गृहस्थाने आणला. त्यापूर्वी ते ध्वनिलहरींवरून जमिनीखालचे तेल शोधण्याच्या कामात होते. पडद्यावर अक्काचा कोमल रिषभ रेघेच्या खाली झुलताना दिसला. “आई, इथे तू उतरतेस.”

“उतरते?” अक्का म्हणाली. “चाळीस वर्षं ह्यासाठी घासलीत!”

भैरवातला रिषभ आंदोलित असतो, तो एका जागी बसत नाही. ती रेघ सप्तकाचे बारा सारखे तुकडे करणाऱ्या हिशेबाची. पेटीवरही ह्या आणि अशा आरोपांखाली रेडिओने १९४० साली बंदी घातली होती, ती तीसएक वर्षे टिकली. पण अक्काला रेघेशी वाद घालता येईना. रेघ दिसत होती. आंदोलन नुसते ऐकू येत होते. आणि दिसणाऱ्या गोष्टीपुढे ऐकू येणारी गोष्ट नेहमीच गरीब नातेवाइकासारखी उभी असते. आपला आपल्या कानावरचा विश्वास कुणी आपल्यादेखत काढून घ्यावा, आणि तोही पोटच्या पोराने, हे बघवेना.

शेवटी अक्काने स्वयंपाकघरातून क्रोशाचा रुमाल आणून दिव्यांवर टाकला, पडदा बंद करवला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. “फिरव. मी हात वर केला की थांब.” भाचा रुमालाखालून बटण फिरवू लागला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिचे भजन पाच वेळा वाजले. मग एकदा, बऱ्याच वेळाने, तिचा हात वर झाला.

भाच्याने रुमाल उचलला. माझी पैज शून्यावर होती. कड्यात एकच दिवा मिणमिणत होता. पडद्यावर आकडा होता नऊ.

अक्का थोडा वेळ गप्प बसली. मग रुमालाची घडी घालत म्हणाली, “राहू दे तेवढं. सर्दी होती त्या दिवशी.”