नेम चुकला तरी

आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात कुरुंद्याला घरी आला होता. दहावीपर्यंत तो आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकला, आता शहरातल्या एका कॉलेजात आहे. आमच्या शाळेत बास्केटबॉलची रिंग नाही. मुले कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात. पण उंचीमुळे त्याची कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवड झाली आणि दुसऱ्या कॉलेजविरुद्धचा सामना जिंकून तो आला होता. सदर मुदर्रिस साहेबांनी कौतुकाने चहा मागवला. पोरगा मात्र खाली मान घालून बसलेला. म्हणाला, "सर, जीते, पन खेलेच नहीं."

विचारले तेव्हा कळले, की त्या दिवशी त्यांच्या संघाचा नेम लागतच नव्हता. त्याने स्वतः टाकलेले चेंडू एकामागून एक रिंगला लागून बाहेर आले. तरीही संघ दोन गुणांनी जिंकला. हरलेली मुले जाताना 'फुकटची जीत' असे म्हणून गेली. तेच शब्द त्याच्या मनात सलत होते.

स्टाफरूममध्ये वाद सुरू झाला. एक सहकारी म्हणाले, नसीब! सदर मुदर्रिस म्हणाले, जीत ती जीत. फळ्यावर गुण लिहितात, नेम नाही. आमचे मात्र दोन्ही उत्तरांनी समाधान झाले नाही. ज्या खेळात चेंडू बास्केटमध्ये टाकणे हेच मुख्य काम, ते काम ज्याला जमले नाही त्याचा विजयावर हक्क आहे काय? प्रश्न मैदानावरचा वाटला तरी तो तेवढाच नाही. आयुष्यात मुख्य नेम चुकलेली माणसे आपल्या अवतीभवती थोडी का आहेत?

मग आम्ही या खेळाची थोडी माहिती काढली. बास्केटबॉलचा जन्मदाता आमच्यासारखाच एक शिक्षक निघाला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ यांच्या वाट्याला एक दांडगा वर्ग आला होता. हिवाळ्यात या मुलांना घरात कोणता खेळ द्यावा, या विवंचनेतून त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि मुलांना चेंडू दिला. टोपली उंचावर, म्हणजे तिथे धसमुसळेपणा चालत नाही, चेंडू हलक्या हाताने वर सोडावा लागतो. त्या पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मुले होती आणि सबंध खेळात टोपलीत चेंडू पडला तो एकदाच. म्हणजे या खेळातला पहिला विजयच मुळी चुकलेल्या नेमांच्या ढिगाऱ्यातून आलेला!

हा खेळ आपल्याला परका आहे असेही नाही. मुंबईच्या नागपाड्यात, आपल्या कष्टकरी वस्तीत, क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नेबरहुड हाऊस उभे केले. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावाला आलेल्या संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये तिथेच झाली. त्या नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला. तिथल्या अब्बास मुंतसिर यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला.

आता नेम चुकूनही जिंकता येते ते कसे? एका संघाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्याकडे जातो, म्हणून दोघांना संधी जवळपास सारख्याच मिळतात. पण चुकलेला चेंडू बोर्डावर आपटून परत येतो तेव्हा तो कोणाचाच नसतो. त्याला खेळाडू रिबाउंड म्हणतात. जो जागा धरून उभा राहील, जो आधी उडी घेईल, त्याचा तो. आपल्याच संघाने तो पकडला तर एक जास्तीची संधी पदरात पडते. शिवाय चेंडू हातातून निष्काळजीपणे गमवायचा नाही, आणि समोरच्याला सोयीच्या जागेवरून नेम धरू द्यायचा नाही. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ च्या आपल्या पुस्तकात सामना ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या : नेम, चेंडू न गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो. सर्वांत जास्त वजन नेमालाच आहे, हे कबूल. पण उरलेल्या तीन गोष्टी मिळून त्याहून मोठ्या होतात, आणि त्यांना टाळ्या फारशा मिळत नाहीत.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा ४ एप्रिल २०११ चा अंतिम सामना. ह्यूस्टन शहरात कनेक्टिकट आणि बटलर ही दोन विद्यापीठे समोरासमोर होती. कनेक्टिकटने ५५ वेळा चेंडू टाकला, १९ वेळा तो आत गेला. लांबून मारलेल्या ११ चेंडूंपैकी एकच आत. टक्केवारी काढली तर साडेचौतीस. दहावीच्या हिशेबाने सांगायचे तर पस्तीसही नाहीत, नापास! त्यांचा सर्वांत नावाजलेला खेळाडू केंबा वॉकर. त्याचे १९ पैकी १४ नेम चुकले. तरीही कनेक्टिकट ५३-४१ असे जिंकले आणि स्पर्धेच्या त्या शेवटच्या टप्प्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून वॉकरचीच निवड झाली. कारण बटलरची अवस्था त्याहून वाईट होती : ६४ पैकी १२. दोन गुणांच्या ३१ प्रयत्नांत तर फक्त तीन यशस्वी. कनेक्टिकटची उंच मुले रिंगपाशी हात वर करून भिंतीसारखी उभी होती. त्यांना स्वतःला बास्केट करणे जमत नव्हते, पण उभे राहणे जमत होते.

इथे 'मेहनत करा, यश नक्की' असा धडा काढायचा मोह आम्हांलाही झाला. पण तो खोटा ठरेल. बटलरनेही मेहनत केली होती. त्यांनी नेम धरला तो जास्त वेळा आणि मध्यंतराला तेच २२-१९ असे पुढे होते. तरी ते हरले. मेहनतीला यशाची हमी नसते. मेहनतीने एवढेच होते, की नेम चुकला त्या दिवशीही माणूस मैदानात काही कामाचा राहतो. आणि तसा राहून तो जिंकला, तर ती जीत फुकटची नव्हे. नसीबाची म्हणावी तर अर्धीच.

हे सगळे आम्ही त्या मुलाला समजावून सांगितले. तुझे चेंडू चुकले, पण रिबाउंड किती घेतलेस? त्यांच्या मुलांना किती वेळा अडवलेस? त्याचा चेहरा जरा खुलला. उत्साहाने तो एकेक प्रसंग सांगू लागला. सांगता सांगता म्हणाला, शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक मुलगा सरळ रिंगकडे निघाला होता. मी मागून त्याची बनियन धरली. पंचाला दिसलेच नाही. त्याचा चेंडू चुकला आणि आम्ही जिंकलो!

स्टाफरूममध्ये दोघे-तिघे हसले. आम्हीही हसलो असू. पण रात्री झोप लागेना. ज्या गोष्टीत लाज नव्हती, त्या चुकलेल्या नेमासाठी हा मुलगा मान खाली घालून बसला होता. आणि जिथे मान खाली जायला हवी होती, ते त्याने हसत सांगितले. त्या दोन गुणांच्या विजयावर त्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न नेमाने ठरणारा नव्हताच. तो त्या धरलेल्या बनियनने ठरणार होता. समोर उभे राहून अडवणे वेगळे आणि मागून ओढणे वेगळे. दोन्हींनी समोरच्याचा नेम चुकतो आणि फळ्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त करणाऱ्याला ठाऊक असतो.

आणि हे त्याला कोणी शिकवले? वाचकहो, आम्हीच शिकवले. कमी गुणांची लाज आम्ही मुलांच्या मनात लहानपणापासून भरतो. एकेका वर्षी परीक्षा केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या आत येत होत्या आणि आम्ही पर्यवेक्षक असून पाठ करून उभे राहिलो आहोत. निकाल लागला, हार घातले गेले, पेढे वाटले गेले. त्या वर्गात एखादा मुलगा स्वतःच्या हाताने लिहून पस्तीसावर अडकला असेल, त्याला मात्र आम्ही 'ढ' म्हटले. ज्या कुरुंद्याचे नाव नरहर कुरुंदकरांनी आडनावात मिरवले, ते कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हे आम्ही मुलांना सांगतो खरे, पण त्यांच्या अपयशात कुणाची चिठ्ठी नव्हती, हे सांगायचे राहून जाते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा बस स्टँडवर भेटला. आम्ही म्हणालो, बेटा, नेम चुकल्याची लाज सोडून दे. पण त्या बनियनवाल्या मुलाला एकदा भेटून ये. तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, आता सांगून निकाल बदलेल का?" आम्ही म्हणालो, निकाल बदलणार नाही. तुला मात्र पुढच्या वेळी जिंकल्यावर मान खाली घालावी लागणार नाही.

बस आली, तो चढला. तो त्या मुलाला भेटला की नाही, हे अजून आमच्या कानावर आलेले नाही. त्याला विचारण्याआधी आमचाही एक हिशेब बाकी आहे. परीक्षा आल्या की आम्ही पुन्हा पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभे राहू. तेव्हा खिडकीकडे पाठ करायची की तोंड, हे आम्हांलाच ठरवायचे आहे.